ओपन सोर्स स्मार्ट चष्मा: समोरच्याला "कोड बघ ना" म्हणून भागतं का?

अर्धवट_कोडर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, निवांत वाचा.

गेले सातआठ महिने फावल्या वेळात मी स्मार्ट चष्म्यासाठी लाइव्ह कॅप्शनचं एक छोटं अ‍ॅप लिहितोय. समोरचा बोलतो, चष्म्याचा माइक ते ऐकतो (तो नाही सापडला तर फोनचा), आणि काचेवर हिरव्या अक्षरांत ओळी उमटतात. चष्मा इव्हन रिअ‍ॅलिटीजचा जी वन. त्याला कॅमेरा नाही, स्पीकर नाही, नुसता माइक आणि डिस्प्ले, म्हणून तर घेतला. अ‍ॅपचा कोड पहिल्या दिवसापासून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) उघडा, एमआयटी लायसन्स, म्हणजे कुणीही या, वाचा, घेऊन जा. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की प्रायव्हसी बिव्हसी हे त्या मोठ्या कंपन्यांचं दुखणं, आपलं कसं सगळं खुल्लमखुल्ला.

परवा मामेबहीण आलेली. ती आपल्या लाइनमधली नाही. मी हौसेनं चष्मा घालून बसलो, ती बोलतीये, मला ओळी दिसतायत, मी मनातल्या मनात खूश की अचूकता किती वाढलीये बघा. दहापंधरा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की मी तिच्याकडे न बघता तिच्या किंचित वरती बघतोय. मग तिनं विचारलं, "म्हणजे मी मघापासून जे बोलले ते कुठंतरी जातंय?" मी म्हणलो अगं ओपन सोर्स आहे, कोड बघ ना. ती म्हणाली मी काय बघू त्यात, आणि बघितलं तरी तुझ्या फोनमध्ये तोच कोड चालतोय कशावरून. मी गप्प. मग तिनं शांतपणे तिसरा प्रश्न टाकला, "आणि मला आधी का नाही सांगितलंस?"

त्यानंतर ती तिच्या नोकरीतल्या कटकटीबद्दल एक शब्द बोलली नाही, जे सांगायला ती आली होती.

रात्री बसून कागदावर काढलं की आवाज जातो कुठं कुठं. चष्म्यातनं ब्लूटूथ लो एनर्जीवरनं फोनवर, एलसीथ्री कोडेकमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेला. फोनवरनं माझ्या छोट्या सर्व्हरवर. तिथनं एका कंपनीच्या स्पीच टू टेक्स्ट एपीआयला, म्हणजे बोलणं पाठवलं की टेक्स्ट देणाऱ्या सेवेला. टेक्स्ट परत त्याच वाटेनं उलटं. ह्या सगळ्यात गिटहबवर वाचता येतो तो फक्त माझा फोनमधला आणि सर्व्हरमधला कोड. चष्म्याचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बंद, एपीआय बंद. आणि सर्व्हरवर मी गिटहबवालाच कोड चढवलाय ह्याला पुरावा काय, तर माझा शब्द!

दुसरी गोष्ट वेगळी आहे पण त्याच पठडीतली. कॅमेरावाल्या एका ओपन चष्म्यासाठीच्या प्रोजेक्टमध्ये मी अधूनमधून हात लावतो. तिथं एकाने पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकलीये, रेकॉर्डिंग चालू असताना पुढचा एलईडी बंद ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये द्या म्हणून. कारण काय तर "माझं हार्डवेअर, माझा निर्णय." मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या लोकांत फूट पडलीये आणि माझंही मत मागितलंय.

तर विचारायचं हे की ओपन सोर्स असल्याने समोरच्या माणसाला नक्की काय मिळतं? आणि त्या पुल रिक्वेस्टचं काय करू?

निळी_शाई

+१, प्रश्न आवडला.

एक आठवण. गूगल ग्लास (कॅमेरावाला स्मार्ट चष्मा) २०१३ मध्ये डेव्हलपर लोकांच्या हातात आली तेव्हा तिच्या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सोर्स गूगलने त्याच वर्षी बाहेर टाकला होता, त्याच्या जीपीएल लायसन्समुळे टाकावाच लागतो. त्यानं एकाचा तरी राग कमी झाला का? "ग्लासहोल" हा ती घालणाऱ्यांना शिवी म्हणून आलेला शब्द काय सोर्स मिळत नाही म्हणून निघाला नव्हता. समोर बसलेल्याला कळत नव्हतं की आपल्याला टिपतायत की नुसतं घड्याळ बघतायत, भांडण तेवढंच होतं. २०१५ च्या सुरुवातीला ती विक्री गुंडाळली आणि नंतर तीच वस्तू कारखाने, गोदामं असल्या ठिकाणी खपली, जिथे चष्मा कशाला आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

तुमच्या बहिणीचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर कुठल्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) नसतं.

लॉगबुक

धागाकर्ते, माझी फजिती ऐका म्हणजे बरं वाटेल.

आम्ही चारपाच जणांनी मिळून असंच एक ओपन अ‍ॅप केलं होतं, मीटिंगचे मुद्दे चष्म्यावर दाखवणारं. कोड उघडा, दोन जणांनी रिव्ह्यू केल्याशिवाय काही आत जात नव्हतं, रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) ठळक अक्षरात "आम्ही काहीही साठवत नाही." आणि खरंच डेटाबेसच नव्हता! मग एक दिवस क्रॅश रिपोर्ट (अ‍ॅप बंद पडलं की येणारा अहवाल) बघताना मला त्यात कुणाच्यातरी घटस्फोटाच्या वकिलाबद्दलचं वाक्य दिसलं. झालं असं होतं की एकाने डिबग करायला, म्हणजे चूक शोधायला, ट्रान्सक्रिप्टची ओळ लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) छापली होती, आणि क्रॅश रिपोर्टची जी तयार लायब्ररी आम्ही लावलेली ती क्रॅशच्या आधीच्या लॉगच्या शेवटच्या काही ओळी इमानेइतबारे बरोबर पाठवत होती. दोन्ही गोष्टी कोडमध्ये डोळ्यासमोर होत्या. वेगवेगळ्या फाइलमध्ये. पाच महिने कुणाला दिसलं नाही कारण त्या दोन फाइल एकत्र कुणी वाचल्याच नाहीत. उघडा कोड वाचता येतो, म्हणून तो कुणी वाचतोच असं थोडीच आहे.

त्यामुळे मी आता कोडपेक्षा ट्रॅफिक बघतो. पीसीएपीड्रॉइड म्हणून अँड्रॉइडवर एक ओपन सोर्स अ‍ॅप आहे, रूट लागत नाही, म्हणजे फोनचं कुलूप तोडावं लागत नाही, कुठलं अ‍ॅप कुणाशी किती बाइट बोललं ते दाखवतं. पण त्यातही एक गोची आहे ती समजून घ्या. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असा कच्चा आवाज म्हणजे सेकंदाला ३२ केबी, तासाला ११५ एमबीच्या आसपास. दाबून ३२ केबीपीएस केला तरी तासाला १४ एमबी. एवढं बाहेर गेलं की लगेच दिसतं. पण त्याच तासाभराच्या बोलण्याचं टेक्स्ट? देवनागरीत अक्षराला तीन बाइट धरले तरी दोनशे केबीच्या आतबाहेर. ते "वापराची आकडेवारी" म्हणून गुपचूप निघून गेलं तर तुम्ही ढुंकूनही बघणार नाही. आवाजाची गळती धबधब्यासारखी दिसते, टेक्स्टची नळासारखी ठिबकते. आणि आत काय लिहिलंय बघायचं तर टीएलएस (नेटवरून जाणाऱ्या डेटाचं कुलूप) सोडवावं लागतं, अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप आपण फोनमध्ये टाकलेल्या सर्टिफिकेटवर आपोआप विश्वास ठेवत नाही, पण अ‍ॅप तुमचंच आहे तर डिबग बिल्डमध्ये कॉन्फिग बदलून बघता येईल. बघाच.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असला की कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. तुमच्या चष्म्याचा आवाज जर ब्लूटूथवरनं साधा डेटा म्हणून येत असेल तर फोनच्या दृष्टीने तो माइक नाहीच! अ‍ॅपला माइकची परवानगी लागत नाही, फक्त जवळच्या डिव्हाइसची लागते. ठिपका पेटत नाही. म्हणजे फोनवाल्यांनी इतकी वर्षं खपून बांधलेलं कुंपण चष्मा बाजूने ओलांडतो आणि कुणाला पत्ताच नाही.

अर्धवट_कोडर

@लॉगबुक बापरे. आत्ताच तपासलं, लॉगमध्ये मी पण ओळी छापतोय. क्रॅश लायब्ररी नाहीये हे नशीब. ठिपक्याचं तर खरंच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याकडे माइकची परवानगी आहे पण ती फोनचा माइक वापरायला म्हणून घेतलेली.

"तोच कोड चालतोय कशावरून" ह्याला काही उत्तर आहे का पण?

लॉगबुक

फोनपुरतं आहे. रीप्रोड्यूसिबल बिल्ड करा, म्हणजे कुणीही तुमचा सोर्स घेऊन बिल्ड केला की बाइट न बाइट तोच एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) निघाला पाहिजे. सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप अँड्रॉइडसाठी हे करतं, एफ-ड्रॉइडवाले (ओपन सोर्स अ‍ॅपचं दुकान) पण ह्याच्या मागे लागलेले असतात. कटकट आहे, बिल्डमध्ये एखादा टाइमस्टॅम्प शिरला की सगळं मुसळ केरात.

सर्व्हरचं अवघड. सिग्नलने २०१७ मध्ये कॉन्टॅक्ट शोधायच्या सर्व्हरसाठी इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधला सुरक्षित कप्पा) वापरलं, अ‍ॅपलने २०२४ मध्ये प्रायव्हेट क्लाउड कम्प्यूट जाहीर केलं, दोन्हीकडे कल्पना अशी की फोन आधी सर्व्हरकडून पुरावा मागतो की तू नक्की कुठला कोड चालवतोयस, आणि पटलं तरच डेटा देतो. तुमच्या माझ्यासारख्या रविवारच्या डेव्हलपरने ह्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा सर्व्हरच काढून टाका. जो सर्व्हर नाहीच त्याच्याबद्दल कुणाला काय सिद्ध करायचंय.

ह्याच कारणाने मेंट्राओएसबद्दल माझं मन द्विधा आहे. (स्मार्ट चष्म्यांसाठीची ओपन सोर्स सिस्टिम, आधीचं ऑगमेंटओएस. तेही एमआयटी, जी वनवरही चालतं.) त्यात अ‍ॅप डेव्हलपरच्या सर्व्हरवर चालतं, फोन आणि चष्मा फक्त पोस्टमनचं काम करतात. लिहायला एकदम सोपं, टाइपस्क्रिप्टच्या थोड्या ओळींत काम होतं. परवानग्या आधी जाहीर कराव्या लागतात हेही चांगलं. पण ह्या रचनेत सगळ्यात खाजगी गोष्ट, म्हणजे बोलणं, सगळ्यात लांब जातं. उलट टोकाला ब्रिलियंट लॅब्जची "फ्रेम" (हे चष्म्याचंच नाव), तिचं फर्मवेअर, हार्डवेअरचं डिझाइन सगळं बाहेर, चष्म्यावरच ल्युआ भाषेतला कोड चालतो. पण तिला कॅमेरा आहे, म्हणजे उघडेपणात ती पुढे आणि समोरच्याच्या भीतीतही पुढे. तुमचा बंद फर्मवेअरवाला बिनकॅमेऱ्याचा चष्मा तुमच्या बहिणीला जास्त चालेल, पैज लावतो.

डावा_कान

इथे सगळे चष्मा घालणाऱ्याला आरोपी धरून बोलतायत म्हणून लिहितोय.

मला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं पण गोंगाटात ते पण जातं. कॅप्शनचा चष्मा माझ्यासाठी खेळणं नाही. पहिल्यांदा घातला त्या दिवशी आठ जणांच्या टेबलावर कोण कुणाला टोमणा मारतंय ते मला हसू संपायच्या आत कळलं, हे ज्याला रोज कळतं त्याला त्याची किंमत नाही समजणार.

आता "आधी सांगा, परवानगी घ्या" म्हणता ते तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण मग मी दर खिडकीवर, दर लिफ्टमध्ये, दर अनोळखी माणसाला आधी सांगायचं की मला कमी ऐकू येतं, हा चष्मा तुमचं बोलणं टिपतोय, चालेल का? म्हणजे त्याची प्रायव्हसी राखायला माझी मी रोज वीसदा वाटून टाकायची. श्रवणयंत्रातही माइक असतो. त्याला कुणी परवानगी मागत नाही. का? कारण आवाज येतो, कानात जातो, संपला. मागे काही उरत नाही. लोकांना माइकचा त्रास नाहीये, उरण्याचा आहे.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय की चष्मा श्रवणयंत्रासारखा वागला पाहिजे. फोनवरच ओळख, काहीही साठवायचं नाही, काचेवरनं ओळ गेली की ती मेमरीतूनही गेली पाहिजे. "संभाषण सेव्ह करा" हे बटण मी माझ्या फोर्कमधून (कोडच्या माझ्या वेगळ्या प्रतीतून) उपटून काढलंय, कारण बटण असलं की एक दिवस ते दाबलं जातं, मी स्वतःला ओळखतो.

त्याची किंमत मोजावी लागते हेही सांगतो. व्हिस्पर (ओपनएआयचं बोलणं ओळखणारं मॉडेल) २०२२ मध्ये ओपन झालं त्याने फार मोठं काम झालंय, पण ते मुळात ३० सेकंदांच्या तुकड्यांवर शिकवलेलं आहे, लाइव्हला वापरायचं तर तुकडे जोडत बसावं लागतं, ओळी मागे जाऊन बदलतात, वाचता वाचता वाक्य पायाखालनं सरकतं. आणि सगळे गप्प बसले की ते स्वतःच वाक्यं रचतं, एकदा चिडीचूप खोलीत मला काचेवर "धन्यवाद, पुन्हा भेटू" आलं, मी दचकून मागे बघितलं. छोट्या मॉडेलला इंग्रजी जमतं, मराठीला मोठं लागतं, मोठं लावलं की फोन तापतो. व्होस्क नावाचं दुसरं तसंच साधन हलकं आहे, ऑफलाइन चालतं, चुका वेगळ्या करतं. क्लाउडवालं ह्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. दहातली एखादी ओळ जास्त चुकते हे मी सोसतो. पण दुसऱ्या एखाद्याला तेवढी चूक परवडत नसेल, डॉक्टरसमोर बसला असेल, तर त्याने क्लाउड वापरला म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही.

सडेतोड

तुम्ही लोक उगाच स्वतःला चाबूक मारून घेताय राव.

तिकडे बघा काय चाललंय. रे-बॅन मेटावाल्यांनी (मेटा कंपनीचा कॅमेरावाला स्मार्ट चष्मा) एप्रिल २०२५ मध्ये धोरण बदललं, "हे मेटा" म्हणून जे बोलाल ते रेकॉर्डिंग साठवलं जाणार, आधी ते बंद करता यायचं ती सोयच काढली, आता नंतर जाऊन स्वतः पुसत बसा. लाखो चष्मे विकले गेलेत. आणि इथे एक बिचारा आठ महिने फुकट राबलेला माणूस लॉगच्या एका ओळीसाठी माफी मागतोय.

एलईडीची पुल रिक्वेस्ट घ्या बिनधास्त. तो दिवा म्हणजे देखावा आहे. त्याच रे-बॅन मेटाचा दिवा झाकला तर कॅमेरा चालत नाही अशी सोय केलेली, तरी लोकांनी तो आतून निकामी करून दाखवला, पैसे घेऊन करून देणारे निघाले. बंद चष्म्यात ही गत, तर ओपन फर्मवेअरमध्ये एक ओळ बदलून परत कंपाइल करायला कितीसा वेळ लागतो? ज्याला लपून टिपायचंय तो टिपणारच. मग प्रामाणिक माणसाच्या हातातला पर्याय का काढता? स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून ओपन सोर्स करायचं आणि पहिल्याच स्वातंत्र्याला घाबरायचं.

सोल्डर_आणि_शिट्टी

@सडेतोड, अर्धं सहमत. दिवा फोडता येतो हे खरंच. पण हा किस्सा ऐका.

जुन्या मॅकबुकच्या वेबकॅमचा दिवा सॉफ्टवेअरमधून नव्हता, तारेने जोडलेला होता. इमेज सेन्सरची स्टँडबायची जी पिन, तिच्यावरच. सेन्सर झोपला की दिवा विझणार, उठला की पेटणार, मध्ये सॉफ्टवेअरला जागाच नाही. सगळे निश्चिंत. मग जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी दाखवलं (पेपर २०१४ चा, मॅकबुक २००८ सालच्या आसपासचे) की कॅमेऱ्यातल्या मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर बदलून सेन्सरला सांगता येतं, बाबा रे त्या स्टँडबाय पिनकडे लक्षच देऊ नकोस. पिन म्हणते झोप, दिवा विझलेला, आणि सेन्सर टक्क जागा. तार जोडलेली होती, पण चुकीच्या ठिकाणी. दिवा सेन्सरच्या वीजपुरवठ्याच्या वाटेवर हवा, म्हणजे सेन्सरला वीज आणि दिव्याला वीज एकच, एकाला तोडली की दुसरा मेला.

ह्यातून मला असं दिसतं की ओपन फर्मवेअरमध्ये दिवा सॉफ्टवेअरच्या हातात देणं हीच मुळात चूक आहे. ओपन हार्डवेअरचा खरा फायदा इथे आहे: स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) बाहेर असेल तर दिवा कुठल्या तारेवर आहे हे मी पाच मिनिटांत सांगू शकतो, बंद चष्म्यात ते फोडून बघावं लागतं. तुमच्या त्या प्रोजेक्टचं स्किमॅटिक बघा आधी. दिवा जीपीआयओवर (सॉफ्टवेअरच्या हातातल्या पिनवर) असेल तर पुल रिक्वेस्ट नाकारून थांबू नका, पुढच्या बोर्डात तो हलवा म्हणून इश्यू टाका.

आणि "ज्याला करायचंय तो करणारच" ह्यावर: ज्याला करायचंय त्याला करू दे ना कंपाइल. फोर्क करायचं स्वातंत्र्य त्याला आहेच, मी त्याचा हात कुठे धरलाय. पण सेटिंगमध्ये टॉगल दिला की तो ज्याला खरं तर करायचं नव्हतं त्याला पण दिसतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ह्यासाठी बटण माझ्या हाताने बनवून मिळणार नाही एवढंच.

बारीक_अक्षर

कायद्याचा, म्हणजे लायसन्सचा मुद्दा राहिला म्हणून.

बऱ्याच जणांना वाटतं की लायसन्समध्येच लिहून टाकू, "चेहरे ओळखायला वापरू नये." लिहा, पण मग त्याला ओपन सोर्स म्हणू नका. ओपन सोर्सच्या व्याख्येतलं सहावं कलम सांगतं की कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करता येत नाही. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. लायसन्स तुम्हाला तुमचं मन वापरायची जागा देत नाही, ती जागा मर्ज बटण (बदल आत घ्यायचं) देतं. प्रोजेक्ट म्हणून काय आत घ्यायचं हा सर्वस्वी तुमचा अधिकार, तिथे सहावं कलम लागू नाही. म्हणून @सडेतोड, पुल रिक्वेस्ट नाकारणं म्हणजे स्वातंत्र्याला घाबरणं नव्हे.

दुसरं, एजीपीएल लायसन्स. मला ते आवडतं, सर्व्हरवर बदललेला कोड चालवलात तर नेटवर्कवरून वापरणाऱ्याला सोर्स द्यावा लागतो. पण नीट वाचा, वापरणाऱ्याला. चष्मा घातलेला तो वापरणारा. समोर बसून बोलणारी बहीण ही वापरणारी नाहीच! तिचा आवाज सर्व्हरवर गेला, त्याचं टेक्स्ट झालं, पण लायसन्सच्या हिशोबात ती अस्तित्वातच नाही. माझ्या माहितीतल्या कुठल्याच सॉफ्टवेअर लायसन्सने तिला एक ओळ दिलेली नाही. धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं कोरडं उत्तर हे असं आहे.

डेटाचे कायदे मात्र तिला मोजतात. युरोपियन न्यायालयाचा २०१४ चा एक निकाल आहे, चेक प्रजासत्ताकातला. एकाच्या घराच्या काचा कुणीतरी फोडायचं, त्याने कॅमेरा बसवला, त्यात पुढचा रस्ता आणि समोरच्या घराचं दार येत होतं. कॅमेऱ्याने संशयित सापडले सुद्धा. तरी कोर्ट म्हणालं की रस्ता टिपलास की ती "निव्वळ घरगुती बाब" राहत नाही, डेटा संरक्षणाचे नियम तुलाही लागू. सुरक्षेचं कारण विचारात घेता येईल असंही म्हणालं, पण सूट नाही. आता हे भिंतीवरच्या न हलणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल. नाकावर बसून फिरणाऱ्या कॅमेऱ्याला कुठली सूट मिळणार?

अवांतर: २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी रे-बॅन मेटा वापरून रस्त्यावरच्या अनोळखी लोकांची नावं, पत्ते काढून दाखवले ते आठवत असेल. त्यांनी चष्मा हॅक केला नव्हता. चष्म्यातनं इन्स्टाग्रामवर लाइव्ह केलं, तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर वाचला, चेहरा शोधणाऱ्या साइटला दिला, पुढचं भाषेच्या मॉडेलने जुळवलं. सगळे तुकडे आधीच बाजारात होते. आणि त्यांनी कोड बाहेर टाकला नाही, मुद्दाम, उलट त्या शोधणाऱ्या साइटवरून आपलं नाव कसं काढायचं ते सांगितलं. मी कट्टर ओपन सोर्सवाला, पण त्या वेळी कोड झाकून ठेवला ह्याचं मला बरं वाटलं. विसंगती आहे, मान्य.

सडेतोड

वापरणाऱ्याचा मुद्दा पटला. पुल रिक्वेस्टवर अजून माझं तेच मत. तारेवरचा दिवा असेल तर मग प्रश्नच मिटतो, तेव्हा बोलू.

अर्धवट_कोडर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवून ठेवलाय हा धागा. दोन आठवड्यांनी लिहितोय.

स्किमॅटिक बघितलं. दिवा जीपीआयओवरच निघाला. पुल रिक्वेस्टला नकार दिला, बोर्डाचा इश्यू उघडला, ज्याने ती टाकली होती त्यानेच खाली लिहिलंय की तारेवर गेला तर मला तरी वाद घालायला नको. माणूस वाईट नव्हता, त्याला म्हणे मुलाचे खेळतानाचे फोटो काढायचे होते आणि दिवा बघून पोरगं दर वेळी पोझ घ्यायचं.

सर्व्हर बंद केला. आता ओळख फोनवरच, @डावा_कान ह्यांच्या पद्धतीने, काही साठत नाही, लॉगमधल्या ओळी गेल्या. अचूकता चांगलीच घसरली आणि गप्प बसल्यावर येणारी भुताटकीची वाक्यं मलाही दिसतात. जी वनला बाहेर दिसेल असा रेकॉर्डिंगचा दिवा नाही, त्यामुळे घरच्यांना आणि मित्रांना तोंडाने सांगतो, नको म्हणाले तर काढून ठेवतो. अनोळखी लोकांचं अजून मला नीट सुटलेलं नाही. मला ऐकू येतं, त्यामुळे डाव्या कानाची सबब मी वापरू शकत नाही, बाहेर सध्या घालतच नाही.

काल मामेबहीण परत आली. सगळं सांगितलं, आता सर्व्हर नाही, सगळं फोनमध्येच, तुला नको असेल तर हा बघ काढला, असं म्हणून चष्मा घडी करून डबीत ठेवला. तिला बरं वाटलं, बोलायला लागली. पाचएक मिनिटांनी माझ्या टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवून म्हणते, "हा कोपऱ्यात हिरवा ठिपका कसला?"

चष्मा डबीत गेला की ब्लूटूथ तुटतं. आणि चष्म्याचा माइक नाही सापडला तर फोनचा घ्यायचा, हे मीच लिहिलेलं, आठ महिन्यांपूर्वी, वर पहिल्याच पोस्टमध्ये कंसात आहे बघा. तुमच्यापैकी कुणीही विचारलं नाही आणि मलाही टोचलं नाही.

इश्यू नंबर ४१ उघडलाय. तिनं मजकूर सांगितला तसाच टाकलाय, "चष्मा काढला म्हणजे बंद." दुरुस्ती आज रात्री चढवतो, कुणाला रिव्ह्यू करता येईल का?

लॉगबुक

मी करतो. टेस्ट पण लिहा, डबीतली.